सरका जरा, मावेल एक

काजकाकूंचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही त्यांना काजकाकूच म्हणायचे. एका मोठ्या शिलाई कारखान्यात त्या शर्टांना काजं करायच्या. कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे, कॉलर लावणारे वेगळे. काकूंच्या वाट्याला फक्त बटण आत जाण्याची चीर आणि तिच्या कडेचे दाट टाके. "आयुष्यभर भोकं पाडत आले," असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. नवरा लवकर गेला. मागे एक मुलगी राहिली, बुटकी, गोल चेहऱ्याची, तुरुतुरु चालणारी. कारखान्यातल्या बायकांनी तिचं नाव बटण ठेवलं. काजकाकूंच्या मुलीचं दुसरं काय ठेवणार?

काकूंच्या तोंडी एक शब्द सतत असायचा. सरका. बसमध्ये, बाकावर, नळाच्या रांगेत, कुठंही. "सरका जरा, मावेल एक." त्यात आर्जव नसे आणि दांडगाईही नसे. लहानपणी त्या एवढ्याशा खोलीत भावंडांच्या रांगेत झोपल्या होत्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण अंथरुणात आधीच सगळ्यांचे पाय असले तर माणसानं पसरावं कुठं? तिथं जगायचं तर एकच मंत्र होता, सरक. एकानं म्हटलं की अख्खी रांग झोपेतच हलायची आणि शेवटच्याला जागा व्हायची.

मायलेकी भाड्यानं राहायच्या ती खोली तळमजल्याच्याही खाली होती. भिंतींना बारमाही ओल. चादर सकाळी पिळून काढावी अशी ओली. त्या खोलीत बटणचा घसा सारखा धरायचा. एकदा तिचा गुडघा सुजला, तो उतरला तर कोपर दुखू लागलं, ते थांबलं तर घोटा. "वाढतं अंग आहे, दुखायचंच," असं शेजारणी म्हणाल्या, काकूंनाही ते पटलं. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा फार उशीर झाला नव्हता, पण व्हायचा तेवढा झाला होता. पोरीच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती.

हे डॉक्टर म्हणजे भडक डोक्याचा माणूस. रोग्यांवर ओरडायचे, कंपाउंडरवर ओरडायचे, कुणी नसलं तर पंख्यावर ओरडायचे. त्या दिवशी ते बटणचा कागद लिहिता लिहिता थांबले आणि पेन टेबलावर आपटून म्हणाले, "मी इथं औषध लिहायचं आणि यांनी घरी जाऊन त्याच ओल्या भिंतीला पाठ लावून झोपायचं! अहो, मी काय कागदावर कोरडी भिंत लिहून देऊ?"

राग बहुतेकांचा चहाबरोबर खाली उतरतो. डॉक्टरांचा उतरला नाही. अशा रोग्यांसाठी कोरडी घरं बांधायची म्हणून ते दुकानोदुकानी फिरले, ओळखीच्यांच्या दारात बसले, नको म्हणणाऱ्यांकडे पुन्हा गेले. काहींनी नाकं मुरडली. "बोट दिलं की हात धरतात ही माणसं," असंही एक जण म्हणाला आणि तरी त्यानं सिमेंट पाठवलं. बंद पडलेल्या छापखान्याच्या मालकीणबाईंनी छापखान्याचा मोठा हॉल देऊन टाकला. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना डॉक्टर म्हणाले, "मग दार द्या." लोकांनी खरंच दारं दिली. कुणाचं निळं, कुणाचं कोरीव, एक तर दुकानाचं काचेचं, ज्यावर 'आत या' असं रंगवलेलं होतं. आजही तिथल्या कुठल्याही दोन घरांची दारं एकसारखी नाहीत.

घरं कशी बांधायची, याची पहिली बैठक दवाखान्यातच झाली. बाकं कमी, माणसं जास्त. नकाशे काढायला आलेल्या आर्किटेक्टबाई तरुण होत्या, त्या बिचाऱ्या सगळ्यांना समजेल असं बोलायचा प्रयत्न करत होत्या आणि कुणालाच काही समजत नव्हतं. अडचण साधी होती. हॉल एक, कुटुंबं पुष्कळ. कुणाची माणसं आज दोन, उद्या पाच. मोठं घर कुणाला आणि लहान कुणाला? तेवढ्यात उशिरा आलेल्या काजकाकू दारातूनच म्हणाल्या, "सरका जरा, मावेल एक." आणि बाकावरची सगळी माणसं, बोलणं न थांबवता, थोडी थोडी हलली.

आर्किटेक्टबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी हातातला नकाशा गुंडाळला.

छापखान्याच्या जमिनीत कागदाची रिळं वाहणाऱ्या ढकलगाडीचे रूळ होतेच. बाईंनी घरांमधल्या भिंती त्या रुळांवर बसवल्या. लाकडी, आत भुसा भरलेल्या, जाड. वरच्या खिट्ट्या सैल करायच्या, दोघातिघांनी हात लावायचा आणि भिंत ढकलायची. एकाचं घर वाढतं, शेजाऱ्याचं तेवढंच कमी होतं. स्वयंपाकघर, न्हाणीघरं, कपडे वाळत घालायची गच्ची सगळ्यांची मिळून. इमारतीला देणगीदारांनी एक लांबलचक नाव दिलं होतं. ते पाटीवरच राहिलं. पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला 'सरका' म्हणू लागले.

आता भिंत कधी सरकवायची हे कुणी ठरवायचं? इमारतीच्या विश्वस्तांपैकी एक जण म्हणाले, आम्ही डोकी मोजू. दुसरे म्हणाले, ज्याला गरज असेल त्यानं अर्ज करावा. तेव्हा काकू उठल्या. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती, कान लाल झाले होते.

"मागायला लावू नका," त्या म्हणाल्या. "मागताना माणूस निम्मा होतो. ज्याच्याकडे जागा जास्त आहे त्याला दिसतंच की. त्यानंच म्हणावं, सरका. दुसऱ्या कुणी भिंतीचं नाव काढू नये."

"आणि तो म्हणालाच नाही तर?" विश्वस्तांनी विचारलं.

"म्हणेल हो," काकू म्हणाल्या. "माणूस आहे ना तो?"

डॉक्टरांनी टेबलावर हात मारला आणि तोच नियम झाला.

काकूंच्या भिंतीपलीकडे जुळारी आजोबा राहायला आले. त्याच छापखान्यात त्यांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून उलट्या ओळी सरळ वाचायची नोकरी केली होती. म्हातारे एकटे होते, आणि इमारतीतली सगळ्यात चांगली खिडकी त्यांच्या वाट्याला आली होती. बटण तेव्हा विशीत होती. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनसाठी तिचं नाव लागलं होतं, पण दम लागायचा, आडवं झोपता यायचं नाही. पाठीशी उशा लावून बसल्या बसल्या डोळा लागायचा. एका सकाळी आजोबा चहाचा कप घेऊन आले, भिंतीवर टिचकी मारून म्हणाले, "काय गं बटण, माझी खिडकी ओळीत चुकीच्या जागी पडलीय. सरका बघू." काकू नको नको म्हणत राहिल्या. आजोबा ऐकतात थोडेच? "मी उलटं वाचणारा माणूस," ते म्हणाले, "मला तुमचं 'नको' हे 'हो' असंच वाचता येतं."

भिंत सरकली. खिडकी मायलेकींकडे आली. बटणची खाट खिडकीखाली लागली, उशाशी ती लाकडी भिंत. त्या खिडकीनं तिला दोन हिवाळे दिले. कुठल्या घरी कोण आलं, कुणाची सायकल पंक्चर झाली, सगळ्या बातम्या तिथून मिळायच्या. संध्याकाळी काकू कामावरून आल्या की बटण दिवसभराचं सांगायची, डोकं भिंतीला टेकवून, हळूहळू, मध्ये थांबत. भिंतीवर जिथं तिचं डोकं टेकायचं तिथं तेलाचा एक गोल डाग पडला. काकू चिडायच्या, "अगं, उशी मागं घे, भिंत घाण होतेय." ऑपरेशनची तारीख आली. पण तारीख आली तेव्हा बटण नव्हती. काकूंच्या पायाखालची जमीन सरकली, आणि त्या दिवसापासून 'सरका' हा शब्द त्यांच्या तोंडी येईनासा झाला.

आजोबाही त्याच वर्षी गेले, झोपेतच. त्यांच्या उरलेल्या लहान खोलीत विश्वस्तांनी इस्त्रीवाल्याचं कुटुंब आणलं. नवरा, बायको, म्हातारी सासू, एक मुलगी आणि पाळण्यातलं बाळ. मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालायची नाही, फिरायची. एवढ्या माणसांत दोरीवर लोकांचे ओले शर्ट, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, वाफ, आणि खिडकी नाही. भिंतीच्या अलीकडे एकट्या काकू आणि बटणची रिकामी खाट.

आता सगळ्यांना वाटलं, काकूच म्हणतील. ज्यांनी नियम सांगितला त्या नाही म्हणणार तर कोण? आठवडे गेले, महिने गेले. काकू बोलल्या नाहीत. कामावरून यायच्या, खाटेवरची चादर झटकायच्या, पुन्हा घालायच्या. भिंतीवरच्या डागावर हात ठेवून बसायच्या. मन दगड झालं होतं असं नाही. पलीकडचं त्यांना सगळं ऐकू यायचं, आणि रोज त्या स्वतःला म्हणायच्या, उद्या सांगू. पण भिंत हलली की खोली जाणार, खोली गेली की डाग जाणार, आणि डाग गेला की बटण खरंच गेली. एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तो पुढं सरकत नव्हता.

कुणी तोंडातून ब्र काढला नाही. नियमच तसा होता. उलट लोक इतके जपू लागले की त्या इमारतीतून तो शब्दच नाहीसा झाला. स्वयंपाकघरात गर्दी झाली की बायका म्हणायच्या, "जरा बाजूला होता का?" गच्चीवर एखादं पोर "ए, सरक ना" असं ओरडलं की आई त्याला डोळ्यांनी दटावायची. इमारतीचं नाव 'सरका', आणि आत कुणी सरका म्हणत नव्हतं. काकूंना हे कळत नव्हतं असं कुणाला वाटत असेल तर ते खुळेच. प्रत्येक "बाजूला होता का" त्यांना टाचणीसारखा लागायचा. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे जपणं सोसवत नव्हतं.

एकदा दुसऱ्या गावचे काही देणगीदार इमारत बघायला आले. त्यांनाही असंच काहीतरी बांधायचं होतं. डॉक्टर त्यांना हिंडवत होते, निरनिराळी दारं दाखवत होते. काचेच्या दाराशी सगळे हसले. मग ते काकूंच्या घरात आले.

"ही कल्पना तुमचीच ना?" एका बाईंनी कौतुकानं विचारलं आणि भिंतीवर टकटक केली. पलीकडे म्हातारी खोकली. "किती छान! आणि समजा, कुणी सरकायलाच तयार नसेल तर काय करता तुम्ही?"

काकूंच्या हातात चहाचा ट्रे होता. त्या एकेक कप उचलून पुढं करू लागल्या.

"चला, स्वयंपाकघर दाखवतो," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते इतक्या हळू आवाजात बोलले असतील. जाताना त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, संध्याकाळी, काकू खाटेवर बसल्या असताना पलीकडून भिंगरीचा आवाज आला. ती आईला सांगत होती, "माझा गुडघा दुखतोय." आई इस्त्री करता करता म्हणाली, "किती नाचायचं मग? झोप थोडी." दोन दिवसांनी तोच आवाज, थोडा रडका. "आता कोपर दुखतंय." "आणि गुडघा?" "तो थांबला."

काकू उठल्या, चप्पल न घालताच पलीकडच्या दारात गेल्या. इस्त्रीवाल्याची बायको घाबरलीच. वर्षभरात काकू त्या दारात आल्या नव्हत्या.

"हिचा घसा दुखत होता का मध्ये?" काकूंनी विचारलं.

"हो, झाला होता. पोरांचं काय, होतंच. का हो काकू?"

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चल. बाळाला आजीकडे दे. चल म्हणते ना!"

दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगरीच्या छातीला नळी लावली. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं. ते ओरडत नव्हते, यावरूनच काकूंना कळलं.

"झडपेला लागलंय," ते आईला म्हणाले. "फार नाही. पण लागलंय. आता दर काही आठवड्यांनी सुई घ्यायची, वर्षानुवर्षं, एकही चुकवायची नाही. सांभाळलं तर पोरगी ठीक राहील."

"पण कशानं झालं हो हे?"

"घशातून येतं. एवढ्याशा खोलीत इतकी माणसं, ना हवा, ना खिड—" डॉक्टर तिथंच थांबले. ते काकूंना विसरून बोलत होते आणि त्यांना मध्येच आठवलं.

भिंगरी टेबलावर बसून पाय हलवत होती.

घरी येताना काकूंनी पोरीला कडेवर घेतलं. ती कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती, जड होती, काकूंना धाप लागत होती, पण त्यांनी खाली ठेवलं नाही. शेजारून चालणारी आई त्यांचे आभार मानत होती. "तुम्ही होतात म्हणून कळलं हो काकू." त्यातला एकेक शब्द काकू मान खाली घालून ऐकत होत्या. मेलेल्या पोरीसाठी जिवंत पोरीची खिडकी अडवून ठेवली आपण. याला दुसरं काही म्हणता येत नव्हतं, आणि त्यांनी म्हणायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या नाहीत. सकाळीच सामायिक स्वयंपाकघरात, सगळ्या बायका ओट्याशी असताना, त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सरका."

आवाज फुटलेला होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. आधी कुणाला कळलं नाही, दोघीतिघी सवयीनं बाजूला झाल्या. मग इस्त्रीवाल्याच्या बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसू लागली.

सुतार आला. बटणची खाट आधी बाहेर काढली. "ही पलीकडे न्या, खिडकीखाली लावा. उशाला तीन उशा लागतात," काकू म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं, या पोरीला अजून तीन उशा लागत नाहीत. "एकच पुरे," त्या पुटपुटल्या.

खिट्ट्या सैल केल्या, सुतार आणि इस्त्रीवाल्यानं भिंतीला हात लावला आणि भिंत रुळावरून कुरकुरत काकूंच्या दिशेनं येऊ लागली. काकू कोपऱ्यातल्या स्वतःच्या खाटेवर बसून बघत होत्या. खिडकीचा उजेड अरुंद होत होत गेला आणि मिटला. आणि मग त्यांना दिसलं. डाग भिंतीवर होता. अलीकडच्या बाजूला. भिंतीबरोबर तोही येत होता, हात हात जवळ, थेट त्यांच्या खाटेच्या रोखानं. भिंत हलली तर डाग जाईल कुठं? तो त्यांच्याकडेच येणार होता. इतकी साधी गोष्ट, एखाद्या पोरानंही सांगितली असती, आणि ती वर्षभर त्यांच्या डोक्यात आली नव्हती. एवढ्यासाठी पलीकडचं पोर त्या वाफेत झोपलं होतं. काकूंनी तोंडात पदर कोंबला. पण हुंदका आवरला नाही तो नाहीच.

जुन्या खुणेपाशी भिंत थांबली. आजोबांची खोली होती तेवढी पुन्हा झाली. सुतारानं खिट्टीला हात घातला.

"अजून सरका," काकू म्हणाल्या.

भिंत आणखी आली. टेबल बाहेर काढावं लागलं, मग कपाट. "अजून." इस्त्रीवाला म्हणाला, "काकू, आम्हाला पुरे आहे हो, खरंच पुरे आहे." काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंत खाटेपासून वीतभर अंतरावर आली, तेलाचा गोल डाग बरोबर उशीसमोर.

सुतारानं कपाळावरचा घाम पुसला. "काकू, बास आता. खाटेला लागली की संपलं. तुम्हाला कूस बदलायलासुद्धा जागा राहायची नाही."

"कूस बदलून बघू कुणाकडं?" काकू म्हणाल्या. "सरका."

सुतारानं इस्त्रीवाल्याकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली, आणि दोघांनी पुन्हा भिंतीला हात लावला.